रंगपटातला पुरुष

(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत गोविंदपुरा, भोपाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 विषय जाहीर झाला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले, "तुम्ही संगीत नाटकावर बोलणार, की हल्लीच्या पोरांच्या थेरांवर?" मी म्हटले, दोन्हींवर. कारण माझ्या मते ही एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत. पुरुषाने तोंडाला रंग लावला, डोळ्यांत काजळ घातले, अंगावर दागिना चढवला, तर त्याच्या पुरुषपणाला काही बाध येतो काय? आणि येत असेल, तर तो त्याच्या ठायी येतो, की पाहणाऱ्याच्या नजरेत? या प्रश्नाचे उत्तर आपल्या समाजाने वेगवेगळ्या काळी वेगवेगळे दिले आहे, आणि एकाच काळी वेगवेगळ्या माणसांनाही वेगवेगळे दिले आहे. या दुसऱ्या गोष्टीकडे आज मला आपले विशेष लक्ष वेधावयाचे आहे.

मी भाषेचा अध्यापक. तेव्हा आरंभ शब्दांपासून करतो. 'तोंडाला रंग फासणे' म्हणजे नाटकात काम करणे. या वाक्प्रचारात थोडी कुचेष्टा आहे आणि थोडे कौतुकही आहे. 'मिशीला पीळ देणे' म्हणजे पराक्रमाची ऐट मिरवणे. 'हातात बांगड्या भरा' हा तर आपल्या सार्वजनिक जीवनातला नित्याचा टोमणा. एखादा अधिकारी काम करीत नाही असे वाटले, की मोर्चा नेऊन त्याला बांगड्यांचा आहेर करणे हे आजही आंदोलनाचे साधन समजले जाते आणि त्या मोर्चात स्त्रियाही असतात. स्त्रीला 'मर्दानी' म्हटले की तो गौरव होतो. पुरुषाला 'बायकी' म्हटले की ती शिवी होते. उलट दिशेने जाणारा, म्हणजे पुरुषातल्या स्त्रीपणाचा गौरव करणारा शब्द आपल्या व्यवहारात सहसा सापडत नाही. एक सापडतो, पण तो भक्तीच्या प्रांतात. त्याच्याकडे मी अखेरीस येणार आहे.

गंमत अशी, की ज्याच्यापासून पुरुषपणाची सारी घमेंड निघाली असे आपल्याला वाटते, त्या 'पुरुषार्थ' शब्दाचा मिशीशी काडीचाही संबंध नाही. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष हे चार पुरुषार्थ. यांतला एकही चेहऱ्यावर दिसत नाही. 'मर्द' हा शब्द तर फारसीतून आपल्याकडे आलेला. 'मर्दुमकी' ही त्याच घराण्यातली. मर्दपणाचा आपला अस्सल देशी अभिमान ज्या शब्दांनी आपण व्यक्त करतो, ते शब्द परदेशातून आलेले आहेत, हे एकदा ध्यानी घेतले म्हणजे या अभिमानाकडे थोड्या मोकळ्या मनाने पाहता येते.

नटणे हे केवळ स्त्रीचे काम, ही समजूतही फार जुनी नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात सुसंस्कृत नागरकाची दिनचर्या सांगितली आहे. तो सकाळी उठून दात घासतो, अंगाला अनुलेपन लावतो, धूप घेतो, माळ घालतो, ओठांना मेण आणि अळिता लावतो, आरशात पाहतो, मग विडा घेऊन कामाला लागतो. ओठांना अळिता लावणारा हा गृहस्थ कोणी नट नव्हे. तो त्या काळचा सभ्य नागरिक होय. अमरकोशात स्त्रीवेष घेणाऱ्या नटासाठी 'भ्रुकुंस' असा स्वतंत्र शब्द आहे, आणि शब्द आहे त्या अर्थी तो नट समाजाच्या परिचयाचा होता. महाभारतात अर्जुन विराटाच्या घरी बृहन्नडा होऊन राजकन्येला नृत्य शिकवतो; हातात बांगड्या घालतो, वेणी घालतो. वर्ष संपल्यावर हेच हात गांडीव उचलतात. आपल्या पेशवाईतले पुरुष कानात भिकबाळी घालीत, आणि त्या भिकबाळीने कोणाचे पुरुषत्व उणे झाल्याची नोंद कोठे नाही.

मग हे बदलले केव्हा? एकच तारीख सांगता येणार नाही. पण इंग्रजी अमदानीत या समजुतीला निराळे वळण लागले एवढे निश्चित. राज्यकर्त्यांनी हिंदुस्थानातील लोकांची 'लढाऊ' आणि 'नाजूक' अशी विभागणी केली. बंगाली बाबूच्या नाजूकपणावर मेकॉलेने लिहिले आणि ते शिकलेल्या हिंदी माणसाच्या मनाला झोंबले. आपण गुलाम झालो ते दुबळे होतो म्हणून, असे तो स्वतःशीच म्हणू लागला. या सलातून तालमींना आणि आखाड्यांना नवे तेज आले. बलोपासना हा राष्ट्रकार्याचा भाग झाला. त्यात वावगे काहीच नव्हते. पण त्याबरोबर पुरुष कसा असावा याचा एक साचाही घट्ट होत गेला, आणि त्या साच्यात रंगाला, दागिन्याला आणि डोळ्यांतील पाण्याला जागा उरली नाही.

आणि नेमक्या याच काळात, याच महाराष्ट्रात, संध्याकाळी तालमीतून परतलेला माणूस रात्री नाटकाला जाई आणि शालू नेसलेल्या पुरुषाच्या गाण्यावर जीव ओवाळून टाकी. हा विरोधाभास फार उद्बोधक आहे. म्हणून त्याच्याकडे थोडे सविस्तर पाहू.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' केले. त्यातली सीता पुरुषाने केली. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले, आणि पुढे भाऊराव कोल्हटकरांनी शकुंतला आणि सुभद्रा या भूमिकांनी प्रेक्षकांना वेड लावले. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस नावाचा तरुण किर्लोस्कर मंडळीत आला. 'बालगंधर्व' ही पदवी त्याला लहानपणीच लोकमान्य टिळकांनी दिली, असे परंपरा सांगते. टिळक म्हणजे व्यायामाचे आणि तेजस्वितेचे पुरस्कर्ते. त्यांनी ज्याला नाव दिले, तो मुलगा पुढे भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू झाला, आणि यात कोणालाही विसंगती वाटली नाही.

त्या रंगपटाची कल्पना करा. दाढी गुळगुळीत केलेली, चेहऱ्यावर रंगाचा थर, गालांवर लाली, डोळ्यांत काजळ, केसांना गंगावन, नाकात नथ. मिशी काढणे ही त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हती. आपल्या रूढीत वडील वारले की मुलगा मिशी उतरवी. म्हणजे बाप हयात असताना मिशी काढणे हा अपशकुनच. स्त्रीभूमिका करणारा नट तो अपशकुन रोज अंगावर घेई. घरी बायको-मुले, कर्जाचे हप्ते, कंपनीच्या पन्नास-पाऊणशे माणसांच्या जेवणाची चिंता, आणि तिसरी घंटा झाली की हाच कर्ता पुरुष लाजत, मुरकत रंगमंचावर येई. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. त्यांनी भामिनी उभी केली. कर्तव्यापुढे दुःख गिळणे हे पुरुषाचे लक्षण म्हणून आपण मुलांना सांगतो. ते लक्षण त्या दिवशी शालूत होते.

आणखी एक गोष्ट पाहा. बालगंधर्वांचे नेसणे, केसांत फुले माळण्याची तऱ्हा, दागिने घालण्याची पद्धत यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करीत. पुरुषाने स्त्रीचे निरीक्षण करून उभारलेली स्त्री पाहून स्त्रिया स्त्रीसारख्या वागू लागल्या! स्त्रीपण हे जर असे शिकता येते, शिकवता येते, तर पुरुषपणही शिकलेलेच असले पाहिजे. कोणी मिशीसह जन्माला येत नाही आणि कोणी नथीसह येत नाही. रंगभूमीने ही गोष्ट आपल्याला शंभर वर्षे दाखवली. आपण गाणे ऐकले आणि ती गोष्ट तेवढी ऐकायची राहिली.

या कालखंडाचा कळस म्हणजे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेला 'संयुक्त मानापमाना'चा प्रयोग. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श एकत्र आल्या. बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव भोसले धैर्यधर झाले. नाटकाचा विषय असा, की धनवंताच्या मुलीला संपत्तीपेक्षा शूर शिपायाचे शौर्य मोठे वाटू लागते. म्हणजे शौर्याचा महिमा गाणारे नाटक, त्यातली नायिका पुरुष, तिच्यापुढे उभा ठाकलेला वीर म्हणजे लहानपणी शारदेच्या भूमिकेने गाजलेला नट, आणि मिळालेला पैसा स्वराज्याच्या लढ्याला! त्या रात्री तेथे बसलेल्या प्रेक्षकाला जर कोणी म्हटले असते, की पुरुषाने लुगडे नेसल्याने राष्ट्र दुबळे होते, तर तो काय बोलला असता, याचा विचार आपणच करावा.

ही उदाहरणे एकट्या बालगंधर्वांची नाहीत. मास्टर दीनानाथांची 'भावबंधना'तील लतिका गाजली, आणि 'रणदुंदुभी'तल्या तेजस्विनीच्या वेषात त्यांनी प्रेक्षकांना राष्ट्रभावनेने पेटवले. विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. तेच १९३६ साली 'प्रभात'च्या चित्रपटात संत तुकाराम झाले. आज आपल्या मनात तुकोबांचा जो चेहरा आहे, तो अनेकांच्या बाबतीत पागनीसांचा आहे. चित्रपटाच्या जन्मकाळीही तेच. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती अण्णा साळुंके यांनी केली, आणि १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांच्याच होत्या. गुजराती रंगभूमीवरचे जयशंकर 'सुंदरी', चीनमधले मेई लानफांग, जपानच्या काबुकी नाट्यातले नट यांची परंपराही याच जातीची. शेक्सपिअरच्या काळी इंग्लंडात ज्युलिएटचे काम पोरगा करीत असे. तेव्हा हा प्रकार मराठी माणसाचा काही विशेष दोष किंवा गुण मानण्याचे कारण नाही.

तथापि या काळाचे नुसते गोडवे गाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पुरुष शालू नेसत होता, याचे एक कारण असे, की कुलीन म्हणवणाऱ्या घरातल्या स्त्रीला रंगभूमीची पायरी चढण्याची मुभा नव्हती, आणि जी चढे तिची प्रतिष्ठा जाई. पुरुषाने स्त्रीचा वेष घेतला तेव्हा त्याने स्त्रीची जागाही घेतली होती. रंगमंचावरची ती लाजरी, सोशिक, पतीच्या व्यसनापुढेही मान खाली घालणारी नायिका ही पुरुषांनी लिहिलेली, पुरुषांनी सजवलेली आणि पुरुषांना हवी तशी स्त्री होती. स्त्रियांनी स्वतंत्र नाटक मंडळ्या काढल्या आणि त्यांत पुरुषांची कामे स्त्रियांनी केली. पण त्यांच्या वाट्याला त्या मानाने किती उपेक्षा आली! १९२९ साली हिराबाई बडोदेकरांनी आपली नाटक संस्था काढली आणि १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, तेव्हा हा अन्याय दूर होऊ लागला. ते योग्यच झाले.

पण स्त्रिया आल्यानंतर पुरुषाच्या लुगड्याचे काय झाले, हा माझ्या आजच्या विषयाचा गाभा आहे. त्याचे सौंदर्य गेले आणि फक्त हसू उरले. आचार्य अत्र्यांची 'मोरूची मावशी' विजय चव्हाणांनी अफाट लोकप्रिय केली. १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'तल्या दोन 'बायकां'ना आपण आजही पोट धरून हसतो. मीही हसतो, ते हसू निर्मळ आहे. परंतु ज्या वेषाला एकदा आपण हात जोडले होते, तो वेष आता दिसताक्षणी हसायचे, अशी सवय आपल्या डोळ्यांना लागली. मग रस्त्यात कोणी तसा दिसला, तर तोही विनोदच वाटू लागला. तो विनोद करीत नव्हता, ही गोष्ट आपल्या ध्यानातही आली नाही.

आता मी दुसऱ्या रंगपटाकडे वळतो. हा रंगपट म्हणजे कनातीचा एक आडोसा. तमाशात स्त्रिया येण्यापूर्वी 'नाच्या पोऱ्या' हाच नर्तकी असे. पुढे पवळा हिवरगावकरणीसारख्या कलावतींनी तमाशा गाजवला, तेव्हा नाच्या मागे सरला. तरी तो गेला नाही. तो गणगौळणीत उरला, सवालजवाबात उरला. तोही तोंडाला रंग लावी, डोळ्यांत काजळ घाली, कंबर लचकवी. पण बालगंधर्वांना १९६४ साली पद्मभूषण मिळाले, त्यांच्या नावाने पुण्यात १९६८ साली रंगमंदिर उभे राहिले, आणि नाच्याला मिळाली शिवी. कोल्हापूरचे गणपत पाटील यांनी मराठी चित्रपटांत नाच्याच्या भूमिका अशा जिवंत केल्या, की लोकांनी नट आणि भूमिका यांतला भेदच पुसून टाकला. त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना प्रत्यक्ष आयुष्यात कुचेष्टा सोसावी लागली. ते २००८ साली गेले. ज्या अभिनयाने पोट भरले त्याच अभिनयाने समाजात मान खाली घालायला लावली, याहून नटाची मोठी शोकांतिका कोणती?

आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीचा नायक गुणा हाही असाच. पिळदार अंगाचा शेतमजूर, तमाशात राजा होण्याची हौस बाळगणारा. पण फडाला नाच्या हवा असतो आणि कोणी तयार होत नाही, म्हणून तो नाच्या होतो. तो कलेसाठी आपले कमावलेले शरीर झिजवतो आणि मोबदल्यात गावाची टवाळी, घरच्यांचा दुरावा पत्करतो. २०१० साली आलेल्या रवी जाधव यांच्या चित्रपटामुळे ही कथा घरोघरी पोहोचली. त्याच दिग्दर्शकाने पुढच्याच वर्षी 'बालगंधर्व' काढला. हे दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहावेत, अशी माझी सूचना आहे. काजळ तेच, रंग तोच, घाम तोच. एकाला दरबार मिळाला आणि दुसऱ्याला गावाने ओवाळून टाकले. फरक रंगाचा नव्हता. फरक प्रेक्षागृहात खुर्ची होती की घोंगडे, तिकीट कोण काढीत होते, आणि रंगाखालच्या माणसाची जात आणि ऐपत काय होती, याचा होता.

कोकणात आणि गोव्यात दशावतार आजही होतो आणि आजही त्यात स्त्रीभूमिका बहुतांशी पुरुषच करतात. आपला चेहरा ते आपल्याच हाताने रंगवतात, रात्रभर राणी होतात आणि सकाळी पेटारा उचलून पुढच्या गावची वाट धरतात. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' ही म्हण त्यांच्यावरूनच पडली. गावच्या जत्रेत देवाच्या दारी हा खेळ होतो, म्हणून तिथे रंगवलेल्या चेहऱ्याकडे पाहण्याची नजरही निराळी असते. देवाचे दार, दरबाराचे दार आणि तमाशाची कनात, यांप्रमाणे आपली नजर बदलते. चेहरा मात्र तोच असतो.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे. या गोविंदपुऱ्यात भेलच्या कारखान्यामुळे साठ सालच्या सुमारास आणि त्यानंतर कितीतरी मराठी कुटुंबे येऊन वसली. आपण येताना पेटीतून बालगंधर्वांच्या तबकड्या आणल्या. त्याबरोबर बांगड्यांचा टोमणाही आणला. पण ज्या शहरात आपण आलो, त्याचा इतिहास या बाबतीत मोठा विलक्षण आहे. १८१९ पासून १९२६ पर्यंत, म्हणजे शंभरांहून अधिक वर्षे, भोपाळवर बेगमांनी राज्य केले. कुदसिया, सिकंदर, शाहजहाँ आणि सुलतानजहाँ. सिकंदर बेगम पडदा झुगारून घोड्यावर बसत आणि कारभार जातीने पाहत. पुण्या-मुंबईत पुरुष राणीची भूमिका करीत होते, तेव्हा येथे खऱ्याच राणीने राजाची भूमिका सहज पेलली होती. याच शहराच्या जुन्या गल्ल्यांत डोळ्यांत सुरमा घातलेले पुरुष आपण पाहिले आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणाला नाजूक म्हणण्याची आपली प्राज्ञा नाही. राखीपौर्णिमेनंतर किन्नरांची भुजरियाची मिरवणूक निघते, तेव्हा हेच शहर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आदराने उभे राहते. १९९८ साली निवडल्या गेलेल्या मध्य प्रदेशच्या विधानसभेत सोहागपूरच्या प्रतिनिधी म्हणून शबनम मौसी बसल्या, ही घटना देशात पहिलीच होती.

येथे एक काळजी घेतली पाहिजे. नाटकात स्त्रीभूमिका करणारा नट, पोटासाठी नाच्या झालेला कलावंत, किन्नर समाजातील व्यक्ती आणि हौस म्हणून काजळ घालणारा कॉलेजचा मुलगा, या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांची एकत्र मोट बांधणे हा त्या चौघांवरही अन्याय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथी नागरिकांची ओळख मान्य केली, ती त्यांच्या हक्काची गोष्ट होती. तो कोणाच्या हौसेचा प्रश्न नव्हता. चौघांना जोडणारा धागा एकच, आणि तो त्यांच्या ठायी नसून आपल्या ठायी आहे. तो म्हणजे आपली नजर.

आता आजच्या मुलांकडे येतो. वर्षानुवर्षे घरातली मुले बहिणीच्या क्रीमची डबी चोरून वापरीत. बाजाराच्या ते ध्यानी आले आणि २००५ साली खास पुरुषांसाठी गोरेपणाचे क्रीम आले. डबीचे रूप मर्दानी झाले, जाहिरातीत नायक आला, आणि जी गोष्ट काल बायकी होती ती आज मर्दानी ठरली. आतला पदार्थ किती बदलला हे रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारावे. मी एवढेच म्हणेन, की पुरुषत्वाची व्याख्या वेष्टणावर छापून बदलता येते, हे व्यापाऱ्याने आपल्याआधी ओळखले. यात मला आनंद मानवत नाही. काळ्यासावळ्या मुलाच्या मनात न्यूनगंड पेरून त्याला डबी विकणे म्हणजे मोकळीक देणे नव्हे. ती नवी बेडी आहे. बालगंधर्वांचा रंग दुसऱ्याचे मन जाणून घेण्यासाठी होता. हा रंग स्वतःच्या कातडीची लाज वाटावी म्हणून आहे. तेव्हा हल्लीची पोरे रंग लावतात म्हणून मी रागावत नाही, आणि लावतात म्हणून टाळ्याही वाजवीत नाही. तो रंग त्याला मोकळा करतो आहे की लाजवतो आहे, एवढेच पाहावे असे मला वाटते.

माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. स्नेहसंमेलनात त्याने 'एकच प्याला'तल्या सिंधूचा प्रवेश केला. आवाज फार मोठा नव्हता. पण फाटक्या लुगड्यातली ती गृहिणी त्याने अशा संयमाने उभी केली, की सभागृहात शांतता पसरली. शेवटी टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवसापासून त्याला एक टोपणनाव मिळाले. ते फळ्यावर लिहिले गेले, सायकलस्टँडवर ऐकू आले, पुढे गल्लीतही गेले. घरी वडिलांनी नाटक बंद केले. तो मला इतकेच म्हणाला, "सर, ज्यांनी टाळ्या वाजवल्या, तेच हे म्हणतात." त्याने पुन्हा रंगमंचावर पाऊल ठेवले नाही. आज तो चांगल्या नोकरीत आहे, संसारात आहे, आणि त्याचे कुशल विचारले तर बरे चालले आहे म्हणतो. पण एक उत्तम नट आपल्यातून गेला, आणि तो गेल्याची नोंद कोठेही होणार नाही.

त्याच्या वाक्यात मला आपल्या साऱ्या सांस्कृतिक इतिहासाचे सार दिसते. रंगमंचावर टाळी आणि गल्लीत टवाळी, हीच आपली रीत राहिली आहे. रंगवलेला पुरुष दूर असला, गेलेल्या काळातला असला, तसबिरीत असला, की तो आपल्याला पूज्य. तो आपल्या घरात, आपल्या बाकावर, आपल्या ओसरीवर दिसला की तो थेर. ज्या समाजाने बालगंधर्वांना डोक्यावर घेतले तो उदार होता, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या उदारपणाची परीक्षा बालगंधर्वांपाशी झालीच नाही. ती त्या मुलापाशी झाली.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, की मग पुरुषाने पुरुषासारखे राहूच नये काय? माझे तसे म्हणणे मुळीच नाही. ज्याला मिशी शोभते त्याने ती खुशाल वाढवावी. तालमीत घुमावे, कसलेले शरीर कमवावे. बापाला मुलाविषयी वाटणारी काळजीही मी समजू शकतो. जग हसेल, पोराला सोसावे लागेल, या भीतीपोटी बाप रागावतो. पण जग म्हणजे दुसरे कोण? सायकलस्टँडवर हसणाऱ्या मुलांना ते हसणे कोणीतरी शिकवले होते. ते घरात शिकवले गेले, आणि म्हणून घरातच थांबवता येईल.

मघाशी मी एका शब्दाचे नाव राखून ठेवले होते. तो शब्द 'माउली'. ज्ञानेश्वर हे पुरुष. वारकऱ्यांनी त्यांना माउली म्हटले. विठ्ठल हा कटीवर हात ठेवून उभा असलेला पुरुषदेव. त्याला आपण विठाई म्हणतो. एकनाथांनी गौळणी लिहिल्या त्या गोपीच्या मुखाने. मराठी माणसाने ज्याला सर्वांत मोठे मानले, त्याला आईचे नाव दिले, आणि त्या नावाने त्या थोरांचे तेज उणे झाले असे सात शतकांत कोणाला वाटले नाही. आपल्याच शतकाजवळचे उदाहरण हवे असेल तर साने गुरुजींचे घ्या. 'श्यामची आई' लिहिणारा हा माणूस इतका हळवा, की त्याच्या अश्रूंची चेष्टा झाली. पण १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसला तो हाच रडवा माणूस. मिशांना पीळ देणारे कितीतरी त्या वेळी गप्प होते. धैर्य कोणाच्या अंगी आहे, हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, हा धडा आपल्या घरात इतक्या जवळ असताना आपण तो दूरवर शोधू नये.

ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवात हा विषय मी निवडला तो याच कारणासाठी. ग्रंथालय ही अशी एक जागा आहे, की जेथे बालगंधर्वांचे चरित्र, 'नटरंग', 'श्यामची आई' आणि लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे आत्मकथन एकाच छपराखाली, एकाच शिस्तीने, मानाने उभे असते. कपाटात कोणी कोणाला हसत नाही. वाचक एक पुस्तक ठेवतो, दुसरे उचलतो, आणि नकळत दुसऱ्याच्या कातडीत शिरून येतो. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाने आयुष्यभर जे केले, तेच वाचक घटकाभर करीत असतो. पुढच्या शंभर वर्षांत या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात जो कोणी मुलगा येईल, मग त्याच्या कानात भिकबाळी असो, डोळ्यांत काजळ असो वा ओठांवर कोवळी मिशी असो, त्याला निवांत बसून वाचता यावे. मान वर केल्यावर कोणाची कुत्सित नजर त्याला दिसू नये. एवढे झाले तरी या संस्थेने आपले काम केले असे होईल.